दिलासा उशिरा येतो



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींना जमलेल्या मंडळींसमोर गुळगुळीत बोललेलं अजिबात खपत नसे. ते माझ्या पथ्यावरच पडलं आहे. ‘संकटकाळी ख्रिस्ती श्रद्धेचा दिलासा’ हा विषय म्हणजे गुळगुळीत बोलण्याला उघड आमंत्रण. मी स्वतः नगरकडच्या ख्रिस्ती घरातला. लहानपणापासून इतकी प्रवचनं ऐकली आहेत, की या विषयावर झोपेतही अर्धा तास सहज बोलेन. ते आज टाळायचं आहे. त्याऐवजी दोन बायकांच्या आयुष्यांत तो दिलासा कधी आला, कुठल्या वाटेनं आला आणि किती उशिरा आला, एवढंच बघायचं आहे. एक पंडिता रमाबाई, दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

आपल्याकडे धर्मांतराची गोष्ट साधारण ठरलेल्या साच्यात सांगतात. माणूस दुःखी होता, त्याला प्रभू भेटला, मन शांत झालं. धर्मांतरावर टीका करणारेही थोड्या फरकानं हीच गोष्ट सांगतात. माणूस दुःखी होता, कोणीतरी गाठला, पाण्यात बुडवला. दोन्हीकडे घाई आहे. रमाबाईंनी आणि लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवलेलं वाचलं की कळतं, या श्रद्धेनं त्यांना सुरुवातीला काही दिलं असेल तर ती अडचणच. घरं तुटली, माणसं दुरावली, वर्तमानपत्रांतून शिव्या खाव्या लागल्या. दिलासा मागाहून, फार मागाहून आला.

रमाबाईंपासून सुरुवात करू. 1858 साली गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला. सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थाटन करीत फिरायचं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब अक्षरशः उपासमारीनं संपलं. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. आईच्या मरणाचा एक तपशील वाचल्यावर विसरता येत नाही. तिरडी उचलायला चार माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी जागा रमाबाईंनी घेतली. त्या ठेंगण्या, खांदा बरोबरीला येईना, म्हणून तिरडीचा भार डोक्यावर घेऊन चालल्या. मसण बरंच लांब. मुलीनं आईला खांदा द्यायचा नसतो हा नियम दुष्काळानंच मोडला होता, सुधारकांची त्यासाठी गरज पडली नाही.

मग बहीण-भाऊ पायी हिंडत राहिले. पंजाबात झेलमच्या काठी थंडी इतकी, की वाळूत खड्डे करून अंगावर वाळू ओढून घ्यायचे, डोकं तेवढं बाहेर. पुढे कलकत्त्याला रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. 1880 मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनं. मुलगी झाली, मनोरमा. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. विशी नुकतीच ओलांडलेली, सगळं माहेर संपलेलं, सासर नाही, पदरात तान्ही पोर. ‘कठीण बदल’ हा शब्द आपण हल्ली बदलीलाही वापरतो आणि निवृत्तीलाही. तेही खरंच असतात, त्यांना मी हसत नाही. पण इथे माणसाखालची जमीनच काढून घेतली होती.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सेंट मेरीच्या भगिनींकडे. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. त्या परक्या देशात आनंदीबाईंनी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 29 सप्टेंबरला, रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. साच्यातली गोष्ट सांगणाऱ्यांना हा क्रम अडचणीचा वाटतो. म्हणून आनंदीबाईंचं नाव कुठे फारसं ऐकू येत नाही.

बाप्तिस्म्यानं रमाबाईंचं मन शांत झालं का? त्यांनीच 1907 च्या आपल्या साक्षीत स्वच्छ लिहिलं आहे: नाही. धर्म हाती आला, पण ज्याच्यासाठी तो धर्म आहे तो अजून भेटायचा होता, अशा अर्थाचं त्या लिहितात. मधली सात-आठ वर्षं त्या अस्वस्थच होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचा, 1977 मध्ये अ. भि. शहांनी तो संपादित करून छापला आहे. त्यात या बाई बिशपांचं ऐकत नाहीत, सिस्टरचं ऐकत नाहीत, जे पटत नाही ते मान्य करत नाहीत, मांसाहाराला तयार नाहीत, क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्ये का आणि संस्कृतात का नाही असं विचारतात. सिस्टर बिचाऱ्या हैराण. मला ही पत्रं फार आवडतात. दिलासा मिळालेलं माणूस कसं मऊ, नम्र, मान हलवणारं असतं अशी आपली समजूत असते. रमाबाई कधीच तशा झाल्या नाहीत.

मग त्यांना धरून कशानं ठेवलं? त्यांच्याच लेखनातली एक जागा दाखवतो. लंडनजवळ फुलम इथे याच भगिनींचं एक घर होतं. समाजानं वाऱ्यावर सोडलेल्या, ‘बिघडलेल्या’ म्हटल्या गेलेल्या बायकांना तिथे ठेवून घ्यायचे, काम शिकवायचे. आपल्याकडे अशा बाईला दारात उभं करत नाहीत, हे रमाबाईंनी देशभर पायी हिंडताना पाहिलेलं. त्यांनी एका सिस्टरना विचारलं, तुम्ही हे का करता? सिस्टरनी उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. रमाबाईंना तत्त्वज्ञान हवंच असतं तर संस्कृतात ते त्यांच्या घरी हवं तितकं पडलं होतं. इथे त्यांना आधी काम दिसलं. गोष्ट त्या कामामागून आली.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राची सुरुवात पाहा. देव आपलं सांत्वन करतो ते आपण दुसऱ्यांचं सांत्वन करावं म्हणून, असा तिथला मुद्दा आहे. सांत्वन येतं आणि पुढे सरकतं. स्वतःपाशी ठेवून घेता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला रमाबाईंनी काय केलं ते या नजरेनं बघा. 1889 मध्ये मुंबईत त्यांचं मुलींसाठीचं शारदा सदन निघालं, पुढे पुण्याला आलं. मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून 1893 मध्ये गदारोळ झाला, सल्लागार मंडळातले प्रतिष्ठित लोक बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतर 1896-97 चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली गोळा करून आणू लागल्या. आता जात बघायला सवड नव्हती. स्वतः दुष्काळात आई-बाप गमावलेली बाई दुष्काळातल्या पोरी उचलून आणत होती. 1900 च्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनात दीड हजारांहून अधिक बायका आणि मुली राहत होत्या. तिथे विणकाम होतं, शेती होती, गुरं होती, छापखाना होता. आंधळ्या मुलींसाठी मनोरमेनं ब्रेलचं शिक्षण सुरू केलं.

त्या छापखान्यापाशी थोडं थांबतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, शिकलेल्या माणसासाठी नव्हे, साध्या बायकांना कळावं म्हणून. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, ही कामं तिथल्या बायकांनी केली. विचार करा, ज्या मुलीला काही वर्षांपूर्वी मध्य प्रांतातल्या रस्त्याकडेनं उचललं, ती आता शाईनं काळ्या झालेल्या बोटांनी ईयोबाच्या पुस्तकाचे खिळे जुळवते आहे, उलट्या अक्षरांत, एकेक करून. तिला कोणी ‘धीर धर’ म्हणालं असेलही. पण हाताला काम होतं, जेवायची वेळ ठरलेली होती, शेजारी आपल्यासारखीच दुसरी होती. दिलासा असाच दिसतो, जवळून पाहिला तर.

आता ईयोबाचं नाव निघालंच आहे. ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याला भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे हे त्यांनी पाहिलं. या सात दिवसांत त्यांचं काहीच चुकलं नाही. बोलायला लागले आणि तिथून सगळं बिघडलं. तुझं काहीतरी पाप असेल, देव न्यायी आहे, असं एकामागून एक भाषण. पुस्तकाच्या शेवटी देव चिडतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर चिडत नाही. आमच्या मंडळींत कोणी गेलं की लोक येतात आणि सांगतात, प्रभूनं आपल्या बागेतलं सुंदर फूल खुडून नेलं. दहा वर्षांचं पोर गेलेल्या आईला हे सांगायचं! पाळकांनी ईयोब वाचलेला असतो, तरीही बोलतात. शांत बसणं फार कठीण असतं, हे मी मान्य करतो.

आणि स्तोत्रसंहिता. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ जमवला त्यांनी ते काढून टाकलं नाही, की त्याला दोन गोड ओळी जोडल्या नाहीत. लाजरसाच्या कबरीपाशी येशू रडला, आणि योहानाच्या सांगण्यावरून त्याला थोड्या वेळानं काय घडणार आहे हे माहीत होतं. माहीत असूनही रडला. मला वाटतं, ख्रिस्ती श्रद्धेतला दिलासा जर कुठे असेल तर या परवानगीत आहे. रडायला मोकळीक आहे, भांडायला मोकळीक आहे, आणि तेही देवासमोर.

आता लक्ष्मीबाई. त्या 1868 साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मल्या. वडिलांचं सोवळं असं, की बाजारातून आलेली वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय घरात येत नसे. लहानपणीच लग्न झालं, नवरा नारायण वामन टिळक, कवी, बुद्धिमान, आणि संसाराच्या दृष्टीनं संपूर्ण बेभरवशाचा. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं टिळकांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं ते हलले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं नव्हतं.

हे वाक्य मी मुद्दाम तसंच सोडतो. टिळकांना दिलासा मिळाला, आणि त्याच क्षणी लक्ष्मीबाईंचं घर गेलं. एकाच्या शांतीची किंमत दुसऱ्यानं मोजली. मुलाला, छोट्या दत्तूला, घेऊन ही बाई बहिणीच्या आधारानं राहिली. नाशिक, पंढरपूर, साडेचार वर्षांच्या आसपास. नवरा जिवंत आणि तरी नाही. लोक कीव करीत, ते तर फार वाईट. आपल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सगळं इतकं हसत हसत लिहिलंय, की दुःख किती होतं ते वाचणाऱ्याला नंतर कळतं, पुस्तक मिटल्यावर. मराठीतलं हे सर्वांत खट्याळ आत्मचरित्र आहे, आणि ते एका टाकलेल्या बाईचंही आत्मचरित्र आहे.

त्या परत टिळकांकडे आल्या, पण ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. नगरला आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, चूल वेगळी. मिशनच्या कंपाउंडमध्ये राहायचं आणि शिवाशिव पाळायची, हे कसं जमवलं असेल देव जाणे. पुढे राहुरीला त्यांचा विचार हळूहळू पक्का झाला, की जाती माणसांनी केल्या आहेत, देवानं केलेल्या नाहीत. तिथे त्यांनी शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा त्याच्यानंतर, 1900 मध्ये. टिळकांनी जोर केला नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. आणि लक्ष्मीबाईंना कुठल्याही दृष्टान्तानं बदललेलं नाही. शेजारपाजार, बोर्डिंगमधली पोरं, वसतिगृहातल्या मुली, आजारी माणसं, पाहुणे, कवी, यांच्या गर्दीत राहता राहता त्या बदलल्या. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले ते घरच्यासारखेच.

इथे टिळकांबद्दल एक बोलायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. मिशनऱ्यांनी आणलेली गीतं बऱ्याचदा परक्या चालींवर बसवलेली असत. दुःखात माणूस परक्या चालीत रडू शकत नाही. नगरला कृष्णराव सांगळ्यांनी आधी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडलेली होती. टिळकांनी त्या वाटेचा रस्ता केला. अभंग, ओवी, भजन. तुकोबांच्या वाटेनंच मी ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकात टिळकांची गीतं उचलून काढली तर पुस्तक फार बारीक होईल.

याचा अर्थ काय होतो तो मला एका मरणघरात कळला. नगर जिल्ह्यातलं गाव, घरातला कर्ता पुरुष अचानक गेलेला, बायको चाळिशीच्या आतबाहेर. अंत्यविधीनंतर रात्री अंगणात भजनाला लोक बसले होते. एक पेटी, एक ढोलकी, कव्हर निघालेली ‘उपासना संगीत’ची प्रत हातोहात फिरत होती, चहाचे कप फिरत होते. ती बाई दिवसभर एक शब्द बोलली नव्हती. लोक समजवून थकले होते. रात्री उशिरा पेटीवाल्या दादांनी टिळकांचं एक भजन घेतलं आणि शेवटचं कडवं विसरून थांबले. आतून, स्वयंपाकघराच्या दारातून, तिचा आवाज आला, “अहो दादा, अजून एक कडवं हाय की.” आणि तिनं ते सांगितलं. दादांनी धरलं. मग ती बाहेर येऊन बायकांत बसली. एवढंच. सकाळी ती परत रडतच होती. पण रात्री तिचा आवाज परत आला होता, आणि तो प्रवचनानं आला नव्हता.

टिळक 9 मे 1919 ला गेले. लक्ष्मीबाईंवर दुसऱ्यांदा तेच आलं, या वेळी परत न येण्यासारखं. आणखी सतरा वर्षं त्या जगल्या. घर बदललं, गावं बदलली, पन्नाशीनंतर मुंबईला, मुलाच्या मागे कराचीलाही. अशा वयात लोकांनी जपमाळ घेऊन बसायचं असतं. या बाईंनी काय केलं? टिळकांनी 1909 मध्ये ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभलं होतं; सुरुवातीचे थोडे अध्याय लिहून ते अर्धवट राहिलं होतं. लक्ष्मीबाईंनी उरलेलं जवळजवळ सगळं लिहून काढलं. शाळेत न गेलेल्या बाईनं, जिला टिळकांनीच अक्षर गिरवायला लावलं होतं. जोडीला मुलाच्या आग्रहानं ‘स्मृतिचित्रे’ चाललेलीच होती. 1934 पासून ती भाग भाग करून छापली गेली. 1936 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या आणि ‘ख्रिस्तायन’ 1938 मध्ये बाहेर आलं. नवरा सारखा अर्ध्यावर सोडून जाणारा, हा त्यांच्या संसाराचा इतिहास. त्यांनी त्याचं अर्धं काम पुरं केलं, आणि ते करताना त्याच्यावर थोडं हसल्याही.

तुम्ही म्हणाल, या दोघी ब्राह्मण, शिकलेल्या, लिहित्या. बरोबर आहे, आणि हा माझ्या भाषणातला सर्वांत कच्चा दुवा आहे. मराठी ख्रिस्ती म्हटलं की आपण रमाबाई, टिळक, बाबा पदमनजी ही तीन नावं घेतो आणि थांबतो. नगर, राहुरी, श्रीरामपूर, जालना, या पट्ट्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग घरांतले. त्यांतले पुष्कळसे 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांच्या आसपास आले. ‘भुकेपायी बाटले’ म्हणून त्यांना हिणवण्यात आलं. रमाबाईही दुष्काळातून आल्या होत्या, पण त्यांना कोणी असं म्हटलं नाही, हे लक्षात घ्या. भुकेला माणूस भाकरीकडे गेला यात लाजण्यासारखं काय आहे? त्यानं तिथे राहायचं ठरवलं, मुलांना शाळेत घातलं, आणि पुढच्या चार पिढ्या रविवारी उपासनेला बसल्या, याचं कारण नुसत्या भाकरीनं कळत नाही. त्या घरांतल्या बायकांना कशानं धीर दिला? उच्चवर्णीय गावानं पाणी अडवलं, तेव्हा त्या काय गात होत्या? हे लिहिलेलं फार थोडं आहे.

पण अगदीच नाही असं नाही. मंडळींच्या जुन्या नोंदवह्यांत बाप्तिस्म्याची, लग्नाची, मरणाची नोंद असते. बऱ्याच घरांत आजीची भजनांची वही असते, बारीक अक्षरांत, कधी मोडीत, कडेला हिशेब आणि मधेच कोणाच्या जन्माची तारीख. माझ्या आजीची होती. घर बदलताना ती गेली. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी वही असेल, कपाटाच्या तळाशी, ट्रंकेत, कुठेही, तर ती रद्दीत घालू नका. प्रश्नोत्तरांनंतर मी दाराशी थांबणार आहे. वही आणली नसेल तरी चालेल. तिच्यात पहिलं भजन कुठलं आहे, आणि ते कोणी, कुठल्या प्रसंगी लिहून घेतलं, एवढं मला सांगा.